शेऱ्यातला ‘तसा’

त्या रविवारी अमरावतीच्या राजापेठेतल्या घरामागच्या अंगणात रोडग्यांचे कणकेचे गोळे भाजायला गोवऱ्या पेटल्या, तोवर शाकीबला काय सांगायचं ते ठरून गेलं होतं. कसं सांगायचं एवढंच बाकी होतं, आणि महादेवरावांच्या मते त्यात अवघड काही नव्हतं. पोरगं घरचं होतं. घरच्या माणसाला जेवू घालून सांगता येतं.

“दोन रोडगे पोटात जाऊ द्या त्याच्या,” महादेवरावांचे धाकटे भाऊ चंद्रभानकाका म्हणाले. “मंग सांगू. तवर कोनी तोंड उघडू नका. दामिनी, तुले सांगून राहिलो मी.”

“मलेच कावून?”

“कारन बाकीच्याइले सांगायची गरज नाई.”

महादेवरावांचा मुलगा अंकुर हसला. त्याची बहीण दामिनी हसली नाही. ती पहाटेच्या गाडीनं अकोल्याहून आली होती आणि मांडीवरची पिशवी तिनं अजून खाली ठेवली नव्हती.

प्रश्न भातकुलीचा होता. दामिनीच्या आजोबांनी, नत्थुजींनी, अकोल्यात सुरू केलेल्या बियाण्याच्या कारखान्याला चाळीस वर्षांनी दुसरं केंद्र मिळत होतं. सोयाबीन, तूर, हरभरा तिथं चाळून, प्रतवारी करून पिशव्यांत भरला जाणार होता. त्या केंद्राला व्यवस्थापक हवा होता. शाकीब अकोल्याच्या यंत्रांवर अकरा वर्षं होता. त्याचे वडील अब्दुल सत्तार नत्थुजींच्या जोडीनं पहिली हातचाळणी फिरवत. शिवमला कारखान्यात येऊन तीन वर्षं झाली होती. नियुक्तीपत्रावर नाव शिवमचं होतं. महादेवरावांनी पेन तयार ठेवलं होतं. आधी दुसऱ्या संचालकाची, म्हणजे बायकोची, मैनाबाईंची सही घ्यायची आणि मग आपली करायची, हा त्यांचा शिरस्ता. ती सही जेवणाआधी होईल असं सगळ्यांनी धरलंच होतं. गेली तीस वर्षं ती अशीच होत आली होती: कागद समोर आला की पदराला हात पुसून, न वाचता.

“बाबा,” दामिनी म्हणाली, “शिवमच कावून, ते सांगा ना मले एकदा.”

“हुशार आहे पोरगा.”

“अन् शाकीब?”

“शाकीबबी तसा हुशारच आहे. कोन नाही म्हणते?”

दामिनीनं पिशवीतून जाड लाल वही काढली आणि मधोमध ठेवली.

ती शेऱ्यांची वही होती. पूर्वी शेतावरच्या सालदाराचं साल पाडव्याला ठरायचं. कारखाना आला तरी ती सवय गेली नाही. दर पाडव्याला महादेवराव आणि चंद्रभान ओसरीवर बसून प्रत्येक माणसापुढे एकेक ओळीचा शेरा लिहीत, आणि वर्षभराची बढती त्या ओळीवर ठरे. यंदा अंकुरनं नवी संगणकप्रणाली घेतली आणि जुने शेरे त्यात चढवायचं काम बहिणीकडे दिलं. तिचं बियाणेशास्त्रातलं एम.एस्सी. झालेलं, लॅब तिच्याकडे. शंभर दाण्यांतून उगवलेले किती, न उगवलेले किती, विकृत किती, हे रोज मोजणाऱ्या माणसाच्या हाती चारशे ओळी दिल्यावर तिनं त्यातही काहीतरी मोजणं ठरलेलंच होतं.

“अकरा वर्षांचे चारशे सात शेरे आहेत,” ती म्हणाली. “त्यातल्या एकसष्ट शेऱ्यांत ‘तसा’ किंवा ‘तशी’ आहे. तसा इमानदार. तशी कामाची. तसा हुशार. हे एकसष्ट कोणाचे आहेत ते पाहिलं मी.”

“कोनाचे?” अंकुर म्हणाला.

“सत्तावन्न शेरे तीन तऱ्हेच्या माणसांचे. मुसलमान, बाया, आणि लॅबमधल्या धर्मपालसारखे दलित वस्तीवरून येणारे. वहीतल्या माणसांत ही सगळी मिळून निम्मीही नाहीत. बाकी सगळ्यांत मिळून चार.”

अंगणातला धूर आत आला. चंद्रभानकाकांनी खाकरून घसा साफ केला.

“अवं पोरी, बोलायची पद्धत हाये ते. ‘तसा’ म्हंजे काय शिवी हाये का?”

“शिवी नाही काका. शिवी असती तं कोनी तरी पकडली असती.”

“पाय, पाय, कशी बोलते,” काका महादेवरावांकडे वळले. “शिकवा आनखीन.”

“मग शिवमचा वाचते,” दामिनी म्हणाली. पान तिला पाठ होतं. “मागच्या वर्षी त्यानं सोयाबीनच्या दोन लॉटच्या खुणचिठ्ठ्यांची अदलाबदल केली. सहाशे पिशव्या परत बोलवाव्या लागल्या. शेरा: ‘खुणचिठ्ठीचा घोळ. होतकरू आहे, शिकेल.’ आता शाकीबचा. आठ वर्षांपूर्वी एका पाळीत चाळणी चुकीच्या मापाची लावली. दोन तासांत त्याचं त्यालाच समजलं, माल बाहेर गेला नाही. त्या सालचा शेरा: ‘तसा भरवशाचा. चाळणीचे लक्षात ठेवावे.’ पुढच्या साली: ‘तसा भरवशाचा. चाळणीचे लक्षात ठेवावे.’ त्याच्या पुढच्या साली...”

“समजलं,” अंकुर म्हणाला.

“आठही वर्षं आहे दादा. चूक एकदा झाली, शेऱ्यात ती दर पाडव्याला होते.”

महादेवरावांचा चेहरा उतरला नाही, कडक झाला. “हे पाय दामिनी. सत्तारभाई गेले तेव्हा मी चार दिवस त्याइच्या दारात बसून होतो. खांदा दिला. आयशाबीच्या ऑपरेशनले नागपूरले गाडी घेऊन कोण गेलं? मी. माह्या मनात तसलं काई असतं तं हे केलं असतं का?”

आणि हे खरं होतं. दामिनीला रागानं बोलता येईना ते यामुळेच. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं; तिच्या समोर तिचे बाबा होते.

“मनात काय आहे ते मी मोजलंच नाही बाबा. ते मोजता येत नाही. कागदावर काय आहे ते मोजलं.”

“अन् तो शिवम,” महादेवराव सावकाश म्हणाले, “त्याले पाहिलं का मले माह्ये जुने दिवस आठवतात. तसाच बोलते, तसाच तडतड करते. एखाद्यावर जीव बसते माणसाचा. तो काय गुन्हा झाला?”

“तुमचे जुने दिवस शाकीबमध्ये कावून नाही दिसत? तोबी बापाच्या चाळणीवरच वाढला. तुमच्यासारखाच.”

मैनाबाई दारात उभ्या होत्या. हाताला कणीक होती. त्या कधीपासून उभ्या होत्या ते कोणी पाहिलं नव्हतं.

“माहाबी असन ना त्यात,” त्या म्हणाल्या.

दामिनीनं मान खाली घातली. आठ वर्षांपूर्वीपर्यंत भरणी विभाग मैनाबाई सांभाळत. रोजंदारीच्या बावीस बाया, चार काटे, एकही तक्रार नाही. नंतर गुडघे गेले आणि त्या घरी बसल्या.

“आई, जाऊ दे ना.”

“वाच.”

“‘मैनाबाई, घरचे. तशी व्यवस्थित.’”

“बस?”

“तीन वर्षं आहे. तिन्ही वर्षं हेच आहे.”

मैनाबाईंनी हातावरची कणीक बोटानं खरवडली. नवऱ्याकडे पाहिलं नाही. “बावीस बाया होत्या माह्याजोळ,” त्या म्हणाल्या. “एक पिशवी कमी भरली गेली नाई कधी. नुसतं ‘व्यवस्थित’ लिवलं असतं तं शाई जास्त लागली असती का?”

“अवं, लिहितानी हात वाहून जाते,” चंद्रभान म्हणाले. त्या तीन ओळी त्यांच्याच अक्षरातल्या होत्या. “वैनी, तुमी तं मनावरच घेतलं.”

“भाऊजी, तुमी गप्प बसा.”

मग त्या लेकीकडे वळल्या, आणि दामिनीला वाटलं, आई आता माझ्या बाजूची झाली. तसं झालं नाही.

“हे वही याइची झाली. लॅबची वही कुठं हाये?”

“लॅबची?”

“लॅबचे शेरे तू लिवते ना, चार सालापासून. त्याइचं काय निगालं?”

दामिनीनं पिशवीकडे पाहिलं. लॅबची पातळ निळी वही पिशवीतच होती. तिनं ती आणली होती आणि काढली नव्हती. पाच माणसं, चार वर्षं, वीस शेरे. नमुना छोटा आहे म्हणून मोजणीतून वगळला, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. कुठल्याही विद्यार्थ्यानं तिच्यापुढे असं केलं असतं तर तिनं त्याचा कागद फाडून फेकला असता.

“वीस आहेत,” ती म्हणाली. “सहा निघाले.”

“कोनाचे?”

“दोन धर्मपालचे. चार नगमाचे.”

“नगमाचे कितीपैकी चार?”

“चारपैकी चार. ‘तशी काटेकोर.’”

चंद्रभानकाकांनी मांडीवर थाप मारली. “हाऽ! बसली का? सारा गाव शोधला अन् चोर घरातच! वैनी, याले म्हणतात शिकलेली पोट्टी.”

अंकुरही सैलावला. “मग प्रश्नच मिटला ना दामू. सगळेच लिहितात. तूही लिहिते. म्हणजे त्यात काही अर्थ नाही.”

“उलटं आहे दादा.” तिचा आवाज चिरकला आणि तिला त्याचा राग आला. “माझ्या लॅबमध्ये नमुना येतो तेव्हा पिशवीवर शेतकऱ्याचं नाव नसतं, आकडा असतो. कावून? आमी चोर आहोत म्हणून नाही. नाव दिसलं का डोळा वेगळा मोजतो, हे सगळ्याइले माहीत आहे म्हणून. दाण्याइसाठी आपण एवढं करतो. माणसाइसाठी? पाडव्याला ओसरीवर बसतो अन् नाव वाचूनच सुरुवात करतो. नगमा माझ्यापेक्षा काटेकोर आहे. मले ठाऊक होतं, तरी मी ‘तशी’ लिहिलं. चार वेळा. लाज वाटते मले. तुमाले कोनालेच वाटत नाही, त्याचा राग येते.”

बाहेर मोटरसायकल थांबली.

शाकीब चौतीस वर्षांचा होता, उंच, डोक्याला रुमाल बांधलेला. एप्रिलच्या उन्हात अकोल्याहून गाडी चालवत आला होता. चेहरा धुळीनं भरला होता. हातात आयशाबीनं दिलेली लोणच्याची बरणी होती. ती त्यानं मैनाबाईंच्या हातात दिली. “अम्मीनं देल्ली, काकू. कैरी घरच्याच झाडाची हाये.”

“ये बस, बस,” महादेवराव मोकळ्या आवाजात म्हणाले. “हात-पाय धू. रोडगे झालेच.”

“बसत नाई, काकाजी.”

“म्हंजे?”

शाकीबनं रुमाल सोडला, तोंड पुसलं. “शुक्रवारी संध्याकाळी शिवमनं प्लांटवर पेढे वाटले. मीबी खाल्ला एक. मंग रात्री तुमचा फोन आला का रविवारी जेवाले ये. मी समजलो.”

अंकुरनं बापाकडे पाहिलं. महादेवरावांनी चंद्रभानकडे. चंद्रभानकाका पायाचा अंगठा न्याहाळू लागले. शिवमला आधी कोणी सांगितलं ते त्यावरून सगळ्यांना कळलं.

“अरे, म्हणूनच तं तुले घरी बोलावलं,” महादेवराव म्हणाले. “तुले ऑफिसात बोलवून सांगणं मले बरं नाही वाटलं. तू काय परका आहे का? घरचा आहे.”

“मी घरचा असतो,” शाकीब म्हणाला, “तं भातकुलीसाठी कोनाले विचारा लागलं नसतं. अंकुरभाऊले लागलं का? अन् मी नोकर असतो तं तुमाले कारन द्या लागलं असतं. तुमी मले ना इकडं ठेवलं ना तिकडं. काई द्यायचं असलं का मी नोकर, अन् नाई म्हनायचं असलं का मी घरचा.”

आवाज चढला नव्हता. शब्द त्यानं वाटेतच कुठेतरी जुळवून ठेवले असावेत, मूर्तिजापूरच्या पुढे, बडनेऱ्याच्या अलीकडे.

“आता मले नोकरच समजा, साहेब.”

घरात त्यानं महादेवरावांना ‘साहेब’ आजवर म्हटलं नव्हतं. लहानपणापासून काकाजीच.

“उद्या दहा वाजता मी हापिसात येतो. टेबलाच्या तिकडून सांगा, कागदावर. शाकीब अब्दुल सत्तारले भातकुली कावून नाई, ते लिवून, खाली सही करून. मंग मी माह्या रस्त्यानं जाईन. जालन्याले बियान्याच्या कंपन्या पडल्या आहेत. काकू, रोडगे ठेवू नका माह्यासाठी.”

मोटरसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी विरला. जेवल्याशिवाय तो या घरातून पहिल्यांदाच गेला होता.

“माजला,” चंद्रभान म्हणाले.

“काका!” दामिनी ओरडली.

“बरं, लिहितो ना!” महादेवराव उसळले. “लिहायले काय लागते? घाबरतो काय मी? आण कागद.”

दामिनीनं कोरा कागद आणला. महादेवराव जेवणाच्या टेबलाशी बसले. श्री. शाकीब अब्दुल सत्तार यांस. पुढची ओळ: आपला अनुभव... त्यांनी पेन उचललं. अकरा वर्षं आणि तीन वर्षं. त्यांनी ओळ खोडली.

“इंग्रजीचं लिहा,” चंद्रभान म्हणाले. “मोठ्या कंपन्यांशी बोला लागते.”

“मागच्या वर्षी बंगळुरूहून माणसं आली, त्यांच्याशी दोन दिवस शाकीबच बोलला,” अंकुर म्हणाला. बोलल्यावर त्यालाच नवल वाटल्यासारखं दिसलं. “शिवम रजेवर होता.”

महादेवरावांनी ‘इंग्रजी’ लिहिलंच नाही. लिहिलं ते असं: मनुष्यबळ सांभाळण्याची हातोटी... खोडलं. मागल्या दिवाळीत हमालांनी काम थांबवलं तेव्हा कोणी मिटवलं होतं ते घरात सर्वांना ठाऊक होतं.

“भातकुलीचे शेतकरी,” ते शेवटी म्हणाले. पेन हवेतच होतं. “मी माहं नाही सांगत. मले काही नाही. पण तिथले लोक... ऐकतील का त्याचं?”

“विचारलं कोनी त्याइले?” मैनाबाई म्हणाल्या.

“विचारायचं काय त्यात?”

“मंग त्याइच्या नावावर कावून घालता? भातकुलीच्या सोयाबीनवाल्याइचे फोन येतात, ते कोनाले येतात? ‘शाकीबभाऊले द्या’ म्हणतात. मी उचलला हाये फोन.”

रोडगे भाजून झाले होते. मैनाबाईंनी ते राखेतून काढून, फडक्यानं पुसून टोपल्यात ठेवले. वरण घट्ट होऊ लागलं. कोणी ताट मागितलं नाही. दामिनीला वाटलं बाबा आता कागद चुरगाळून उठतील. तसे ते दोनदा उठलेही, पाणी पिऊन परत बसले. घरात त्यांचा हट्टीपणा सगळ्यांना माहीत होता. एक काम हाती घेतलं आणि अर्ध्यात टाकलं असं त्यांच्या आयुष्यात घडलं नव्हतं. दामिनीनं त्या दुपारी पहिल्यांदा त्या हट्टाचे आभार मानले.

पाऊण तासानं त्यांनी दोन शब्द लिहिले आणि पेन खाली ठेवलं.

मैनाबाईंनी चष्मा लावला. तीस वर्षांत त्या पहिल्यांदाच सहीआधी कागद वाचत होत्या.

“‘सवय नाही.’”

महादेवराव खिडकीबाहेर पाहत होते. “खोटं लिहिता नाही येत मले,” ते म्हणाले. “बाकी सारं खोटं होऊन राहिलं. हे एवढंच उरलं. मोठ्या खुर्चीवर त्याइच्यातला माणूस पाहायची... सवय नाही.”

मैनाबाईंनी शिवमचं नियुक्तीपत्र घडी घालून नवऱ्यासमोर सरकवलं. सही न करता.

“हे तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. तो दुसरा कागद उद्या त्याले द्या. अन् दामिनी, तुवाबी निळी वही नगमाले दाखव. बापालेच नाचवू नको.”

सोमवारी साडेनऊला अकोल्याच्या लॅबमध्ये दामिनीनं ती दाखवली. नगमा उगवणकक्षासमोर ओल्या कागदाची गुंडाळी उलगडून मुगाची रोपं मोजत होती. चारही ओळी तिनं वाचल्या. दामिनीनं माफी मागितली. ती तिला स्वतःलाच फार लहान वाटली.

“चारों साल, मॅडम?” नगमानं विचारलं. मग ती पुन्हा रोपांकडे वळली, आणि मोजणी चुकली असावी, कारण तिनं पहिल्यापासून सुरुवात केली.

दहाला दोन मिनिटं कमी असताना शाकीब केबिनच्या दारात आला. इस्त्रीचा शर्ट होता. अंकुर आणि दामिनी भिंतीला लागून बसले होते.

“बसा,” महादेवराव म्हणाले.

त्या ‘बसा’नं शाकीब क्षणभर अडखळला. मग बसला. महादेवरावांनी कागद टेबलावरून सरकवला. खोडलेल्या ओळी तशाच होत्या. नवा लिहून घ्या असं अंकुर सांगत होता, त्यांनी ऐकलं नव्हतं. खाली सही होती.

शाकीबनं खोडलेल्या ओळीही वाचल्या. अनुभव. मनुष्यबळ. त्यांच्या खालचे दोन शब्द. बाहेर चाळणीयंत्राची थरथर चालू होती. ती केबिनच्या काचेत उतरत होती.

“अकरा साल,” तो म्हणाला. “अन् हे.”

“हो.”

“माह्या बापाले माहीत असन का हे?”

दामिनीला वाटलं, आता हा उठेल. जालन्याची गाडी अकराला होती. त्यानं तसं केलं असतं तर तिला त्याचा अभिमान वाटला असता आणि कारखान्याची लाज.

शाकीब उठला नाही.

“सवय नाई, हे कारन नाई होत साहेब,” तो म्हणाला. “सवय करा लागते. मी कितीक केल्या. मी भातकुलीले कवापासून जाऊ?”

महादेवरावांनी लेकीकडे पाहिलं नाही, मुलाकडे पाहिलं नाही. पाहिलं ते स्वतःच्या सहीकडे.

“एक तारखेपासून,” ते म्हणाले. “पत्र दुपारपर्यंत देतो. दोन्ही सह्याइचं.” आणि त्यांनी समोरचा कागद परत घेण्यासाठी हात पुढे केला.

शाकीबनं कागदावरचा तळवा उचलला नाही.

“याची झेरॉक्स घेतो आधी,” तो म्हणाला, आणि कागद घेऊन कोपऱ्यातल्या यंत्राकडे गेला.